किनाऱ्याकडे पाठ

ओमानच्या किनाऱ्यावरच्या हासिकच्या धक्क्यावर सकाळ आधी वासाने येते, मग उजेडाने. डिझेलचा वास, ओल्या दोरखंडांचा वास, आणि वाऱ्याने कूस बदलली तर वरच्या कड्यांवरून उतरणारा लोबानाचा पुसट गंध. त्या दिवशीही मी नेहमीच्या क्रमाने कामे उरकत होते. बर्फ फोडून पेटीत भरला. आमिषाच्या तारल्या ओल्या गोणपाटाखाली झाकल्या. टाकीत काठी घालून इंधन पाहिले, पिण्याच्या पाण्याचे कॅन नाळेखाली, बोटीच्या पुढच्या टोकाशी सरकवले. आमची ‘मबरूका’ धक्क्याला अंग घासत डुलत होती.

बाबा सुकाणूजवळ बसून कॉफीची वाट पाहत होते. मी कप त्यांच्या उजव्या गुडघ्याजवळ ठेवला; रोज ठेवते तिथेच, बोटभरही इकडेतिकडे नाही. त्यांचा हात अंदाजाने खाली आला, एक बोट कपाच्या कडेवरून फिरले आणि मग त्यांनी तो उचलला. मागच्या पावसाळी हंगामापासून हे असेच चालले होते. ते मला सांगत नव्हते आणि मी त्यांना विचारत नव्हते.

“आज कोण आहे?” त्यांनी विचारले.

“मस्कतहून बुकिंग आहे. दोन माणसं, दोन दिवस, हल्लानिया बेट. पूर्ण बोट त्यांचीच.”

“मासा पकडणारे की माशाला भेटणारे?”

मी हसले. आमच्याकडे येणारे बहुतेक पाहुणे परदेशी. अर्धे जग ओलांडून येतात, माणसाएवढा कोकर मासा घामाघूम होऊन ओढून काढतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात. बाबांचे त्याबद्दलचे नवल अजूनही सरलेले नाही.

मी पाठमोरी बसून दोराची गाठ सोडवत होते, तेवढ्यात धक्क्यावर पावले थांबली.

“सलाम अलैकुम. ही कुठे ठेवू?”

“बर्फाच्या पेटीवर ठेवा,” मी मान वर न करता म्हणाले. “सावलीत. नाहीतर वितळेल.”

“मी नाही वितळायची गं पोरी,” एक खरखरीत आवाज आला. “मी केव्हाची वाळलेली आहे.”

मी दचकून वळले. एक तरुण उभा होता. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात, आणि पाठीवर मुठीएवढी एक म्हातारी. तिच्या गालात लोबानाचा खडा होता आणि ती तो निवांत चघळत होती. त्या तरुणाने हसू दाबण्याचा प्रयत्न केला – पण ते डोळ्यांतून निसटलेच.

“माफ करा... मला वाटलं, सामान आहे.”

“आहेच,” तो म्हणाला. “नाजूक सामान. वरची बाजू वर ठेवायची.”

म्हातारीने त्याच्या टाळूवर टपली मारली. “हा अकील. माझा नातू. ह्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. मी बखीता. बोटीचं बुकिंग माझ्या नावावर आहे.”

मी तिला हात देऊन आत घेतले. त्याला हात दिला नाही, आणि त्याने तो मागितलाही नाही. मात्र बोटीत उडी मारताना त्याने जो दोर धरला तो नेमका मी नुकताच सोडवलेला होता. पुढच्या क्षणी तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि दोराचे टोक अजूनही मुठीत घट्ट होते.

“तो दोर कुठेच बांधलेला नव्हता,” मी शक्य तितक्या गंभीरपणे सांगितले.

“आता कळलं.”

“लोक सहसा आधी ओढून बघतात.”

“तुमच्या हातात होता ना... म्हणून भरवसा ठेवला.”

मी घाईघाईने इंजिनाकडे वळले. कान तापले होते, आणि ऊन अजून डोंगराआडच होते.

*

समुद्र काचेसारखा होता. मार्चमध्ये असे काही दिवस येतात, जेव्हा वारा कुठेतरी बसून विचार करत असतो. उडणारे मासे नाळेपुढून फुटत होते, जणू कोणी चांदीची मूठ उधळावी. आजीने पाय पसरून खजूर खायला घेतले. अकील तिला ‘हबाबा’, म्हणजे आजी, म्हणत होता आणि ती त्याला दर वाक्याला नवे नाव ठेवत होती.

बाबांनी रिवाजाप्रमाणे विचारपूस केली. घर कसे, कुटुंब कसे, सलालाला नातेवाईक कोण. शेवटी विचारले, “मस्कतला काय करता, बाळ?”

“समुद्राचे नकाशे काढतो, नाखवा. कुठे किती खोल, कुठे खडक.”

बाबांच्या हातातला खजूर तोंडाजवळ थांबला.

“झालं!” आजी म्हणाली. “गाडीत शंभरदा बजावलं, शिक्षक आहे म्हण.”

“हबाबा, पहिल्याच दिवशी खोटं कशाला?”

“मग दुसऱ्या दिवशी बोलायचंस!”

बाबा हसले नाहीत. “हल्लानियाला नेतो,” ते सावकाश म्हणाले. “उथळ पाण्यात गळ टाकू. पण नकाशे काढणारा माणूस घरच्या जागेवर येणार नाही.”

अकीलने माझ्याकडे पाहिले. मला सांगणे भाग पडले. समुद्रावर पाट्या नसतात. बेटावरच्या दोन खुणा एकमेकींसमोर आल्या की एक रेषा मिळते. दुसऱ्या दोन खुणा जुळल्या की दुसरी. त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे पाण्याखाली एक बुडालेला डोंगरमाथा आहे, आणि त्यावर मासळी वर्षभर नांदते. ती आमची ‘घरची जागा’. पणजोबांनी शोधलेली. तिच्या खुणा आमच्या घरात एका वेळी एकालाच ठाऊक असतात. म्हणून ती जागा जवळ आली की बोटीवरचे सगळे बेटाकडे पाठ करून बसतात. नाखवा सोडून सगळे.

“परदेशी पाहुणेसुद्धा?”

“त्यांना वाटतं, ही आमची प्रार्थना आहे.”

“आणि तुम्ही?”

“मीसुद्धा. लहानपणापासून.”

“पण यंत्र आहे की.” त्याने सुकाणूजवळच्या, फडक्याने झाकलेल्या पडद्याकडे बोट दाखवले. “फडकं उचलून कधी बघितलं नाहीत?”

“बाबांनी ती जागा यंत्रात कधी भरलीच नाही. आणि भरली असती तरी... तुम्ही दुसऱ्याच्या घरात शिरताना दार वाजवत नाही?”

तो हळूच म्हणाला, “बेटाकडे बघायचं नाही हे समजलं. मग बघायचं कुठे, तेही नेमून दिलेलं आहे का?”

“समुद्राकडे.”

“आणि समुद्राच्या वाटेत कोणी बसलं असेल तर?”

“तर डोळे मिटायचे,” मी म्हणाले. आजी खुदकन हसली.

मग तिने खजुराची बी पाण्यात टाकली आणि बाबांना म्हणाली, “मुसल्लम, मी हल्लानियाहून तुझ्या बापाच्या बोटीतून नवरी होऊन निघाले होते. माहीत आहे तुला?”

बाबांनी मान वळवली.

“लग्नाच्या जेवणाला मासा हवा म्हणून तुझ्या बापाने वाटेत घरच्या जागेवर बोट थांबवली. मला सांगितलं, पाठ कर. केली. नवरीने कशाला तोंड उघडायचं? त्यांनी हामूर काढले, बोट निघाली, आणि मी वळून बघते तो... धुकं. बेट नव्हतं. माझं घर नव्हतं. शेवटचं बघायचं राहूनच गेलं बघ. मग सलाला, मग मुलं, मग मुलांची मुलं. मला ह्या पोराने आणलं ते त्या जागेवर पुन्हा एकदा बसायला.”

बाबांनी सुकाणू जरासे सरळ केले.

“तुमच्यासाठी नेईन, खाला,” बाबा शेवटी म्हणाले. “उद्या सकाळी. पण पाठ करूनच बसायचं.”

“पाहुण्याला घरच्यांचा नियम,” आजी म्हणाली. “मी कुठे नाही म्हणते?”

*

हल्लानिया दुरून दिसत नाही. ती उगवते. आधी क्षितिजावर एक जांभळी रेघ, मग रेघेला खांदे फुटतात, आणि मग एकाएकी तो उत्तरेचा कडा समोर उभा राहतो. पाण्यातून सरळ आभाळात चढलेला, माथ्यावर ढगाची चिंधी, अंगावर हजारो पक्ष्यांची पांढरी नक्षी. मी तो असंख्य वेळा पाहिला आहे. तरीही दर वेळी त्याच्या सावलीत शिरताना मी आवाज खाली आणते.

अकील उभा राहिला होता. डोक्यावरचा रुमाल त्याने काढून हातात घेतला होता, हे त्याच्या लक्षातही नव्हते.

“माझ्या नकाशावर,” तो म्हणाला, “हा एक ठिपका आहे. बाजूला उंचीचा आकडा.”

“आकडा बरोबर आहे का?”

“आकडा बरोबर आहे...” आणि पुढचे वाक्य त्याने सोडून दिले.

गावात मोजकीच घरे आहेत. आजीचे घर म्हणजे आता गुडघाभर दगडांची चौकट. ती चौकटीत जाऊन बसली, दगडांवर हात फिरवला आणि म्हणाली, “लहान होतं, एवढं लहान नव्हतं.” मागच्या उतारावर जुन्या कबरींच्या रांगा होत्या. काही गावच्या लोकांच्या, काही कुठल्या तरी गलबतांबरोबर येऊन इथेच राहिलेल्या परक्यांच्या, बिननावाच्या. आजीने आपल्या माणसांसाठी फातिहा म्हटली, आणि मग त्या परक्यांकडे वळून पुन्हा एकदा म्हटली.

संध्याकाळी बोट खाडीत नांगरून होती. बाबा आणि आजी सुकाणूपाशी चहा पीत जुन्या सोयरिकी उलगडत बसले होते. पाणी तांब्याच्या रंगाचे झाले होते. मी आजोबांचे लाकडी वल्हे काढले. इंजिने आल्यापासून ते फक्त एकाच कामाला येते. त्याचे पाते मी खोल बुडवले आणि मुठीला कान लावला.

ऐकू आले. मी अकीलला खूण केली. “या. कान लावा इथे. बोलू नका.”

तो गुडघ्यांवर बसला. त्याने वल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला कान टेकवला. आमच्यामध्ये मनगटाएवढे लाकूड होते, आणि त्या लाकडातून तो आवाज चढत होता. खालून, फार खालून. आधी दार करकरावे तसा, मग लांब, उतरता, घुमटात घुमल्यासारखा. थांबायचा. आणि पुन्हा वर चढत जायचा, जणू समुद्राच्या तळाशी कोणी एकटाच अजान शिकत होता.

अकीलने डोळे मिटले होते. पापण्या ओल्या होत्या, आणि त्या पुसायचे भान त्याला नव्हते.

“देवमासा,” मी कुजबुजले. “नर गातो. मादी ऐकते. नाहीतर ऐकत नाही.”

“जगातले बाकीचे देवमासे उन्हाळ्या-हिवाळ्याला हजारो मैल जातात,” तोही कुजबुजला. “हे जात नाहीत. आमच्या ऑफिसात एकाने सांगितलं होतं... मला खरं वाटलं नव्हतं. ह्यांना हेच पाणी लागतं.” जरा थांबून त्याने विचारले, “काय म्हणत असेल तो?”

“तुम्ही सांगा. मस्कतचे शिकलेले तुम्ही.”

“म्हणतोय...” त्याने डोळे उघडले. ते फार जवळ होते. “म्हणतोय, मस्कतला येशील का?”

“देवमाशाचं मस्कतला काय काम?”

“त्याचं ऑफिस आहे तिथे.”

मला हसू आले. मी वल्हे वर ओढले. पात्यावरून थेंब ओघळत राहिले.

“अजून ऐकायचं होतं मला,” तो म्हणाला.

“मलाही,” मी म्हणाले – आणि चहाची भांडी धुवायला गेले, जी आधीच धुतलेली होती.

*

दुसऱ्या दिवशीची सकाळ धुऊन वाळत घातल्यासारखी स्वच्छ होती. बाबांनी दुरूनच इंजिन मंद केले. “बसा,” ते म्हणाले. आम्ही तिघे बेटाकडे पाठ करून बसलो. आजी मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. समोर नुसते पाणी, आणि क्षितिज सुरीने कापल्यासारखे.

बोट वळली. पुन्हा वळली. मी पाण्याचा रंग पाहत होते. घरच्या जागेवर तो बदलतो, निळ्यात जरासा हिरवा मिसळतो. तो बदलत नव्हता. बाबांनी नांगर टाकायला सांगितले, गळ सोडले. काही लागले नाही. नांगर उचलला. पुन्हा वळणे, पुन्हा नांगर, पुन्हा मोकळे गळ. आजीने गळाची दोरी तर्जनीवर हलकेच पेलून धरली होती, जुन्या माणसांसारखी, आणि त्या दोरीला जीव नव्हता.

मागून बाबांचा आवाज आला. “आज... धुकं फार आहे.”

समोर एक ढग नव्हता. मैलभर लांबचा पक्षी मोजता येत होता. मी खाली मान घातली. इतके दिवस कपाजवळ लपवलेले त्यांचे न दिसणे आता उघड्या समुद्रावर पडले होते, परक्या माणसांसमोर.

“हो रे मुसल्लम,” आजी शांतपणे म्हणाली. “आहे खरं धुकं.”

“हो नाखवा,” अकील म्हणाला. “इकडेही काही दिसत नाही. थांबू या हवं तर. आम्हाला घाई नाही.”

तो हे त्या लख्ख क्षितिजाकडे पाहत म्हणाला. पहिल्याच दिवशी खोटे न बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या माणसासाठी इतक्या सहज खोटे बोलला. मी कोणत्या क्षणी त्याच्या प्रेमात पडले, असे कोणी विचारले तर मी हा क्षण सांगेन. वल्ह्याचा नाही.

आणि नेमक्या त्याच क्षणी, बाबांच्या जागी वळून खुणा पाहायचे ओझे माझ्यावर आले होते.

“बाबा,” मी म्हणाले, “मी वळू?”

“नको.”

“वळते मी.”

“नको म्हटलं ना, तुफूल. नियम ठाऊक आहे तुला. जो वळला तो बोटीचा झाला. त्याने मग बोट सोडायची नाही. तुला... तुला जायचंय, पोरी. कधीतरी कोणाच्या घरी जायचंय. म्हणून तर मी –” त्यांचा आवाज थांबला. म्हणून तर ते अंधारात चाचपडत राहिले होते. मला बांधून ठेवायचे नव्हते त्यांना.

“कुठे जायचंय ते मला कधी विचारलंत?”

पाणी बोटीखाली चुळबुळले. मी अकीलकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याची नजर समोर होती, पण गुडघ्यावरची मूठ पांढरी पडली होती. त्याला सगळे समजले होते. एक शब्द बोलला असता तर मी कदाचित थांबले असते. तो बोलला नाही.

मी वळले.

जन्मभर ज्या बेटाला मी पाठ दिली होती ते त्या जागेवरून कसे दिसते, हे मला ठाऊक नव्हते. कडा तिथून उघडतो. सकाळचे ऊन त्याच्या पोटात शिरून दगडाला मधासारखे पारदर्शक करते. त्याच्यामागे शिखरे एकामागून एक सरकतात, बोट हलली की डोंगर चालू लागतात, जवळचा लांबच्याला ओलांडतो, दोन सुळके भेटतात, विलग होतात. पक्ष्यांचा एक प्रचंड भोवरा माथ्यावर फिरत होता. मी रडत होते की हसत होते, ते आजीला विचारा. बाबा माझ्या कानाशी वाकले आणि आमच्या डोंगरी बोलीत, जी मस्कतच्या माणसाला समजत नाही, त्यांनी मला चार खुणा सांगितल्या. त्या मी इथे लिहिणार नाही. तुम्हीही पाहुणेच आहात.

“डावीकडे,” मी म्हणाले. “अजून. सावकाश... आता सरळ. आता थांबा.”

नांगर पडला. पाण्यात हिरवा रंग मिसळला. आणि आजीच्या तर्जनीवरची दोरी एकदम ताठ झाली.

“सोड मला!” तिने मदतीला आलेल्या अकीलला ढकलले. “माझा आहे तो! माझ्या लग्नातला आहे!”

हामूर बोटीत आला तेव्हा आजी आणि मासा दोघेही सारखेच धापा टाकत होते.

परतीच्या वाटेवर, जागा बरीच मागे पडल्यावर, बाबांनी इंजिन मंद केले. “खाला,” ते म्हणाले, “आता बेटाकडे तोंड करून बसा. हवा तेवढा वेळ.”

आजी वळली. बोट आम्हाला हळूहळू दूर नेत होती. आधी घरे गेली, मग किनारा, मग खांदे, मग फक्त ती जांभळी रेघ. ती रेघही पाण्यात मिसळली, तरी आजी तिकडे पाहतच होती. मग तिने गालातला लोबानाचा खडा दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाली, “चला. झालं बघून.”

*

धक्क्यावर त्याने आजीला गाडीत बसवले आणि परत आला. या वेळी दोर आधी ओढून पाहिला.

“शिकलास,” मी म्हणाले. ‘तुम्ही’ कधी गळून पडले ते दोघांनाही कळले नाही.

“तुफूल... त्या देवमाशाला मी काय सांगू?”

“सांग, मादीला हेच पाणी लागतं.”

त्याने मान हलवली. “पुढच्या वर्षी ह्या बेटांच्या नकाशाचं पान काढायचं आहे. माझ्याकडेच आहे ते काम. सगळं मोजायचं.” मग तो माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, “जहाज बुडवणारा प्रत्येक खडक मी दाखवीन, ते माझं काम आहे. मासे कुठे राहतात, ते दाखवणं माझं काम नाही.”

“तू वळला नाहीस,” मी म्हणाले. “सकाळी मी वळले तेव्हा. तुला एका क्षणात सगळं समजलं असतं.”

“दार वाजवल्याशिवाय?” तो म्हणाला, आणि गेला.

मग खरीफ, म्हणजे आमचा पावसाळा, आला. समुद्र पांढरा झाला, बोटी वाळूवर ओढल्या गेल्या, लाटांचा आवाज रात्रंदिवस भिंतीतून येत राहिला. त्या महिन्यांत मी बाबांना सलालाच्या डॉक्टरकडे नेले. एका डोळ्याने आता त्यांना कप दिसतो. बेटावरच्या खुणा मात्र माझ्याच डोळ्यांना पाहाव्या लागतील. अकीलचा फोन आला नाही. मी वाट पाहत नव्हते... असे मी बाबांना सांगत असे, आणि ते म्हणत, “हो, धुकं आहे खरं.”

समुद्र निवळला त्याच आठवड्यात एक गाडी आमच्या दारात थांबली. पाठीवर नाजूक सामान घेऊन तो उतरला. आजी बैठकीत बसली. बाबांनी कॉफी ओतली. तिने कप हातात घेतला आणि न पिता जमिनीवर ठेवला. आमच्याकडे कोणी असा कप ठेवला की घरमालकाला कळते, पाहुणा काही मागायला आला आहे, आणि शब्द मिळाल्याशिवाय पिणार नाही.

“मागा, खाला.”

“माझ्या नातवासाठी तुझी मुलगी मागते. न्यायला नाही. ह्यालाच इथे ठेवून घे. सलालाच्या बंदरात बदली मागून घेतली आहे ह्याने. गाडी आहे, रस्ता आहे. आठवड्याचे काही दिवस तिकडे, बाकीचे इकडे.”

“मोजायचं काम सोडलंत?” बाबांनी त्याला विचारले.

“काम नाही सोडलं, नाखवा. ते पान सोडलं. दुसरा कोणी काढेल, नीट काढेल. घरचा माणूस व्हायचं असेल तर ते पान मी काढणं बरं नाही.”

बाबा दाराच्या पडद्याकडे वळून म्हणाले, “बोट आता माझी नाही. बोट तिची आहे. बोटीवर कोण येणार, ते तिला विचारा.”

पडद्याआड मी उभी होते, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

“कॉफी गार होईल, हबाबा,” मी म्हणाले. “प्या. आणि उद्या सकाळी बर्फाच्या पेटीजवळ या. दोघेही.”

*

दुसऱ्या दिवशी सुकाणू माझ्या हातात होते. बाबा आजीच्या शेजारी बसून आपल्या एका डोळ्याने तिच्या गळाच्या गाठीला नावे ठेवत होते. कडा पाण्यातून उगवला, खांदे फुटले, पक्षी दिसू लागले. जागा जवळ आली तशी मी इंजिन मंद केले.

“बसा,” मी म्हणाले.

सगळ्यांनी बेटाकडे पाठ केली. बाबांनीसुद्धा, नाखवा झाल्यापासून पहिल्यांदाच. अकील नाळेजवळ बसला, हात गुडघ्यांवर, नजर उघड्या समुद्रावर. मानेवर ऊन पडले होते.

मी पहिली रेघ पकडली. बोट तिच्यावरून सावकाश सरकू लागली. दुसऱ्या रेघेच्या दोन खुणांमध्ये अजून फट होती. मिटायला थोडाच अवकाश होता. मी बाबांकडे पाहिले. त्यांनी आजीला जरा सरकायला सांगितले आणि बाकावर माझ्या बाजूला एका माणसाची जागा केली.

“अकील.”

“हं?”

“इकडे ये. सुकाणू धर.”

तो उठला आणि बेटाकडे पाठ ठेवूनच, एक एक पाऊल मागे टाकत, चाचपडत माझ्यापर्यंत आला. त्याचा हात सुकाणूवर माझ्या हाताशेजारी आला. जो वळला तो बोटीचा, हे त्याने ऐकलेले होते.

ती फट मिटत आली.

“आता,” मी म्हणाले, “वळ.”